पंगतीतला परका अणू

(नाशिकमध्ये दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी.

आज इकडे येताना मी मुद्दाम भांडी बाजारातून चालत आलो. माझं लहानपण जुन्या नाशकात गेलं. शाळा सुटली की तांबटाच्या दुकानाच्या पायरीवर दप्तर टेकवायचं आणि बघत उभं राहायचं, हा रोजचा क्रम. कारागीर तांब्याचा पत्रा ठोकत जायचा, हंड्याला गोलाई येत जायची, आणि थोड्या वेळाने हातोडीचा आवाज बदलायचा. आधी बद्द येणारा आवाज खणखणीत व्हायचा. म्हणजे पत्रा कडक झाला, आता आणखी ठोकला तर चिरणार. मग तो पत्रा भट्टीत लालबुंद करायचा, पाण्यात सोडायचा, की पुन्हा मऊ.

तो आवाज का बदलतो, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. तांब्यातले अणू शिस्तीत रांगा धरून उभे असतात. हातोडीने त्या रांगा मोडतात, एकमेकींत अडकतात, म्हणून पत्रा वाकायला नकार देतो. भट्टीच्या उष्णतेने अणूंना हालचालीची मुभा मिळते आणि रांगा पुन्हा लागतात. आता गंमत बघा. एवढी मोडतोड झालेल्या त्या पत्र्यातून वीज पाठवली, तर तिला होणारा रोध जेमतेम दोन-तीन टक्क्यांनी वाढतो. पण त्याच तांब्यात वजनाने नुसता ०.०४ टक्के फॉस्फरस राहिला, तर त्याची वाहकता पाचव्या हिश्श्याने तरी घटते. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पॅनल बनवणारी मंडळी इथे बसली असतील, त्यांना हे सांगायला नको. एसीच्या नळ्यांचं फॉस्फरस असलेलं तांबं आणि बसबारचं, म्हणजे पॅनलमधल्या वीज वाहून नेणाऱ्या पट्ट्यांचं, तांबं दिसायला एकसारखं असतं, पण एकाच्या जागी दुसरं चालत नाही.

दहा हजारांत सात-आठ परके अणू, आणि वीजप्रवाहावर एवढा परिणाम. आजचा सगळा विषय या एका गोष्टीतून निघतो. त्यातही मला बोलायचं आहे ते अशा धातूंबद्दल, ज्यांत इलेक्ट्रॉन एकमेकांची दखल फार जोरात घेतात. साध्या धातूत परका अणू ही वाटेतली अडचण असते. या धातूंत तो अडचण राहत नाही. भोवतालचे इलेक्ट्रॉन त्याच्याभोवती काहीतरी नवीन उभं करतात. आणि जे उभं राहतं, त्यावरून ते इलेक्ट्रॉन एरवी आपसांत कसे वागत होते हे आपल्याला कळतं.

पण आधी साधा धातू.

इलेक्ट्रॉन तांब्याच्या अणूंना धडकत, ठेचकाळत जातात, असं शाळेत शिकवलं जातं. ही कल्पना १९०० सालची, पॉल ड्रूडची. ती पूर्ण बरोबर नाही. फेलिक्स ब्लोख या तरुणाने १९२८ मध्ये दाखवून दिलं की अणूंची रचना पूर्णपणे नियमित असेल, तर इलेक्ट्रॉनची लाट त्यातून विनाअडथळा जाते. नियमितपणा लाटेला अडवत नाही, नियमितपणात पडलेला खंड अडवतो. खोलीच्या तापमानाला तांब्यातला इलेक्ट्रॉन सुमारे ४० नॅनोमीटर, म्हणजे दीडेकशे अणू ओलांडून जातो, तेव्हा कुठे त्याची दिशा बदलते. तीही प्रामुख्याने अणू उष्णतेने थरथरत असतात म्हणून. तांबं अतिशय स्वच्छ असेल आणि खूप थंड केलं, तर हेच अंतर मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत जाऊ शकतं. इलेक्ट्रॉनच्या मापाने बघितलं तर ही पंढरीची वारी झाली.

ब्लोखच्याही आधी, १८६० च्या दशकात, मॅथिसेनने प्रयोगांवरून एक सोपा नियम काढला होता: धातूच्या रोधाची दोन वेगळी खाती असतात. एक उष्णतेचं, जे थंडीबरोबर कमी होत जातं. दुसरं अशुद्धीचं, जे तापमान कितीही उतरवलं तरी तसंच राहतं. कॅमरलिंग ओनेस या शास्त्रज्ञाने हॉलंडमधल्या लायडनमध्ये हेलियम द्रवरूप केल्यावर सोनं आणि प्लॅटिनम यांच्या तारा थंड करून पाहिल्या, तेव्हा रोध एका पातळीवर येऊन थांबला. तो या दुसऱ्या खात्यामुळे, हे त्याने ओळखलं. म्हणून मग त्याने पारा घेतला. पारा ऊर्ध्वपातनाने पुन्हा पुन्हा शुद्ध करता येतो. त्या पाऱ्याचा रोध १९११ साली ४.२ केल्विनला, म्हणजे थंडीच्या शेवटच्या टोकाच्या जेमतेम चार अंश वर, एकदम नाहीसा झाला. रोध असा नाहीसा होण्याला अतिसंवाहकता म्हणतात. तिचा शोध लागला तो शुद्धतेच्या ध्यासातून. सराफ बाजारात आपण शंभर नंबरी सोनं म्हणतो ना, तसा तो शंभर नंबरी पाऱ्याचा शोध होता.

पण खरं कोडं सोन्यानेच घातलं. १९३४ साली, त्याच लायडनमध्ये, द हास, द बूर आणि व्हान डेन बर्ग सोन्याचा रोध मोजत होते. तापमान उतरत गेलं, रोध उतरत गेला. चार केल्विनच्या आसपास तो थांबायला हवा होता. तो थांबला नाही, पुन्हा चढायला लागला. दोन्ही खाती तपासली तरी हिशेब लागेना. थंडी वाढवल्यावर रोध वाढवणारं तिसरं खातं त्या काळच्या पुस्तकांत नव्हतंच. हे कोडं तीस वर्षं पडून राहिलं.

याच्याशी माझी स्वतःची गाठ कशी पडली ते सांगतो. संशोधनाच्या पहिल्या वर्षी मला काम दिलं होतं: तांब्याची तार घ्या, पातळ पट्टी करा, तापवून मऊ करा, आणि रोध मोजा. म्हणजे उपकरण नीट चालतं की नाही हे कळेल. तार उत्तम होती, पाच नऊची. आमच्या भाषेत ९९.९९९ टक्के शुद्धतेला पाच नऊ म्हणतात. मी ती पोलादी रुळांतून लाटली, भट्टीत रात्रभर तापवली, चार बारीक तारा चिकटवल्या आणि थंड करत गेलो. पुरेसं थंड झाल्यावर आकडे वर जायला लागले. मला वाटलं संपर्क सुटला. तारा काढून पुन्हा चिकटवल्या. तेच. तीन दिवस असे गेल्यावर आमचे सर आले, आलेख पाहिला आणि एकच प्रश्न विचारला, ‘‘लाटल्यावर आम्लात धुतली होतीस का?’’ मी धुतली नव्हती. रुळांच्या पोलादातलं लोखंड तांब्याच्या पृष्ठभागाला लागलं होतं, डोळ्यांना न दिसण्याइतकं, आणि रात्रभराच्या उष्णतेने ते आत मुरलं होतं. लाखात एखादा अणू असेल. १९३४ चं कोडं माझ्या टेबलावर येऊन बसलं होतं. त्या दिवसापासून हा विषय मला सोडत नाही.

कोडं सोडवलं जपानच्या जुन कोंडो यांनी, १९६४ मध्ये. त्याच सुमारास अमेरिकेतल्या बेल लॅब या प्रयोगशाळेत मिरियम साराचिक आणि सहकाऱ्यांनी लोखंड मिसळलेल्या मिश्रधातूंवर मोजमापं करून दाखवलं की रोधाचा हा चढ आणि लोखंडाच्या अणूचं चुंबकत्व, दोन्ही बरोबरच येतात. चुंबकत्व नाही तिथे चढ नाही.

कोंडोंचा मुद्दा असा. वाटेत दगड असला आणि तुम्हाला ठेच लागली, तर दगड तसाच राहतो. मागून येणाऱ्यालाही तशीच ठेच लागते. पण वाटेत दगडाच्या जागी एक दार आहे असं समजा. पहिला माणूस जाताना ते उघडं टाकून गेला की लावून गेला, यावर दुसऱ्याचं नशीब ठरतं. लोखंडाच्या अणूवर स्पिन असतं, म्हणजे तो एक इवलासा चुंबक असतो. इलेक्ट्रॉन त्याला धडकताना त्याची दिशा उलटवू शकतो. पुढच्या इलेक्ट्रॉनला तो अणू बदललेल्या अवस्थेत भेटतो. म्हणजे या अणूमुळे पहिल्या इलेक्ट्रॉनची बातमी दुसऱ्यापर्यंत पोहोचली. एरवी एकमेकांशी बोलणं नसलेल्या इलेक्ट्रॉनांचा संबंध त्या एका परक्याने जुळवला. कोंडोंनी गणित केलं तेव्हा या देवाणघेवाणीमुळे रोधात एक वाढीव भाग निघाला, जो तापमान उतरेल तसा लॉगॅरिदमच्या चालीने हळूहळू चढतो. उष्णतेचं खातं उतरतंय, हे चढतंय, आणि दोन्ही जिथे बरोबरीला येतात तिथे तळ दिसतो. त्या तळाचं तापमान लोखंडाच्या प्रमाणाच्या पाचव्या मुळाशी जोडलेलं निघतं. तळ दुप्पट तापमानाला सरकवायचा तर लोखंड बत्तीस पट लागेल. इतका तो प्रमाणाबद्दल बेफिकीर. म्हणूनच माझ्या तारेतल्या नगण्य लोखंडानेही तो दाखवला.

पण कोंडोंच्या उत्तरातून नवीनच अडचण उभी राहिली. शून्य केल्विनकडे जाताना लॉगॅरिदम वाढतच राहतो, म्हणजे रोध अनंत व्हायला हवा, आणि ते शक्य नाही. केनेथ विल्सन यांनी १९७५ मध्ये हा हिशेब शेवटापर्यंत नेला. पुरेशा थंडीत भोवतालचे इलेक्ट्रॉन मिळून त्या अणूच्या स्पिनाशी जोडी जमवतात, फुगडी घालावी तशी, वर आणि खाली तोंड केलेल्या स्पिनांची. जोडी जमली की बाहेरून चुंबकत्व दिसत नाही. ज्या तापमानाखाली हे घडतं त्याला कोंडो तापमान म्हणतात. तांब्यातल्या लोखंडासाठी ते सुमारे ३० केल्विन आहे, तर तांब्यातल्याच मँगनीजसाठी ते एका केल्विनच्या कितीतरी खाली.

या जोडीत भाग घेणारे इलेक्ट्रॉन अणूपासून किती लांब पसरलेले असतात? मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्श्याच्या, मापात. म्हणजे एका अणूच्या हाकेला हजारो अणूंपलीकडचे इलेक्ट्रॉन ओ देतात. हा पसारा प्रत्यक्ष मोजला गेला तो २०२० मध्ये. त्याआधी, १९९८ मध्ये, विद्या माधवन आणि सहकाऱ्यांनी सोन्याच्या पृष्ठभागावर कोबाल्टचा एकेक अणू ठेवून, सुईच्या टोकाने चालणाऱ्या सूक्ष्मदर्शकाने त्या अणूवरचा कोंडो परिणाम थेट टिपला. त्याच्या चौसष्ट वर्षं आधी आलेखाच्या एका वाकणात दिसलेली गोष्ट आता एका अणूवर बोट ठेवून दाखवता येत होती.

इथपर्यंत परका अणू बोलका होता आणि धातू साधा. आता धातूच बोलका असेल तर?

इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलतात हे आपल्याला माहीत आहे. तांब्यात त्याचा फारसा त्रास होत नाही. काही संयुगांत मात्र एका अणूवर दोन इलेक्ट्रॉन बसवायला इतकी ऊर्जा लागते की ते परवडत नाही. पंगत डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक पाटावर एक माणूस. एका पाटावर दोघांनी बसायचं नाही. सगळे पाट भरले, एकही रिकामा नाही, तर कोण कुठे सरकणार? कोणीच नाही. निकेल ऑक्साइड असंच आहे. तेव्हाच्या सिद्धांताप्रमाणे त्यातून वीज वाहायला हवी होती, पण तो पक्का रोधक. द बूर आणि फेरवाय यांनी १९३७ मध्ये ही विसंगती मांडली, आणि नेव्हिल मॉट यांनी तिचा अर्थ लावला. असे रोधक आज मॉट यांच्याच नावाने ओळखले जातात. एक-दोन पाट रिकामे झाले की हालचाल सुरू होते. पण ती मोकळ्या मैदानातली हालचाल नसते. पर्वणीच्या दिवशी रामकुंडाकडे जाणाऱ्या गर्दीत तुम्ही पाऊल टाकता ते पुढच्याने टाकलं म्हणून, आणि मागचा ढकलतो म्हणून. सिंहस्थात जे चालले आहेत त्यांना मी काय म्हणतो ते कळेल.

या पंगतीत परका अणू बसवून बघू.

तांबं आणि ऑक्सिजनचे थर असलेली, उच्च तापमानाला अतिसंवाहक होणारी संयुगं तुम्ही ऐकली असतील. त्यांत तांब्याच्या प्रत्येक अणूवर एक स्पिन असतं आणि शेजारच्या स्पिनांची तोंडं उलटसुलट असतात. आता तांब्याच्या काही अणूंच्या जागी जस्त घाला. जस्ताला चुंबकत्व नाही. साध्या अतिसंवाहकांच्या बाबतीत फिलिप अँडरसन यांनी १९५९ मध्ये सांगितलं होतं की चुंबकत्व नसलेल्या अशुद्धीने अतिसंवाहकतेचं फारसं बिघडत नाही. चुंबकत्व असलेलीच घात करते. इथे नेमकं उलट होतं. अगदी थोड्या टक्क्यांनी घातलेलं निरुपद्रवी जस्त अतिसंवाहकता मोडून काढतं. आणि त्याहून नवल म्हणजे जस्ताभोवती चुंबकत्व उगवतं. जस्तात ते नाही, घातलेल्या कशातच ते नाही, तरी उगवतं. महाजन, अलूल आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये एनएमआरच्या, म्हणजे अणूंच्या केंद्रकांवरून भोवतालचं चुंबकत्व ओळखण्याच्या, मोजमापांतून हे दाखवलं.

हे कसं? फुगड्या चालल्या आहेत, प्रत्येकीच्या हातात दुसरीचे हात. मधूनच एकीला उचलून बाजूला केलं. मग तिची जोडीदारीण हात पसरून एकटी उभी राहते. ते एकटेपण म्हणजेच जस्ताभोवतीचं चुंबकत्व. जस्ताने काहीच आणलं नाही, एक स्पिन काढून घेतलं. जे दिसलं ते आधीपासूनच्या जोड्यांचं अस्तित्व. फुगडी चालू असताना दोघी एकमेकींत इतक्या गुंतलेल्या असतात की बाहेरून एकटी अशी कोणी दिसतच नाही. पुढे २००० साली बिस्मथच्या अशाच संयुगात जस्ताच्या एका अणूभोवतीचा इलेक्ट्रॉनांचा नकाशा निघाला. तो चार पाकळ्यांचा होता, अधिक चिन्हासारखा. त्या संयुगांतल्या अतिसंवाहकतेला चार दिशांची ठेवण आहे हे इतर मार्गांनी कळलं होतं. इथे ती एका परक्या अणूने रांगोळीसारखी काढून दाखवली.

स्ट्रॉन्शियम रुथेनेट या संयुगाचं उदाहरण याहून टोकाचं. १९९४ मध्ये त्यात अतिसंवाहकता सापडली, दीड केल्विनच्या आसपास. पण काही नमुन्यांत ती कमी तापमानाला यायची, काहींत यायचीच नाही. मॅकेंझी आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये अशुद्धीचं माप लावलं, तेव्हा दिसलं की अशुद्धीमुळे येणारा रोध सुमारे एक मायक्रोओम सेंटिमीटरच्या वर गेला की अतिसंवाहकता संपते. हा आकडा किती लहान आहे? आपल्या घरातल्या तांब्याच्या वायरचा रोध खोलीच्या तापमानाला याच मापात १.७ आहे. म्हणजे या पदार्थाला एवढी स्वच्छता लागते. अशा ठिकाणी स्फटिक वाढवणाऱ्याचा हात हाच निम्मा प्रयोग असतो.

आता कोणी म्हणेल, म्हणजे जिथे इलेक्ट्रॉनांचं आपसांतलं नातं घट्ट, तिथे अशुद्धी जास्त घातक. मीही बरीच वर्षं तसंच समजत होतो. ते पूर्ण खरं नाही, आणि का नाही हे मला या विषयातलं सगळ्यात सुंदर प्रकरण वाटतं. पुन्हा पंगतीत या. एक पाट पंख्याखाली आहे, एक दाराजवळ उन्हात. मोकळं असतं तर सगळे पंख्याखाली गर्दी करतील. तसं साध्या धातूत होतं: जिथे ऊर्जा कमी तिथे इलेक्ट्रॉन साचतात आणि धातूतला खडबडीतपणा ठळक होतो. पण पाटावर एकच, हा नियम कडक असेल, तर पंख्याखालीसुद्धा एकच बसणार आणि उन्हातही एक बसणार. चांगल्या-वाईट जागेचा फरक आपोआप पुसट होतो. तानास्कोविच, दोब्रोसावल्येविच, अब्राहम्स आणि कोटलियार यांनी २००३ मध्ये हे गणिताने मांडलं. पुढे २००८ मध्ये आरती गर्ग, मोहित रांदेरिया आणि नंदिनी त्रिवेदी यांनी उच्च तापमानाच्या अतिसंवाहकांसाठी हाच विचार लावून दाखवला की इलेक्ट्रॉनांमधलं तीव्र नातं अतिसंवाहकतेचं अव्यवस्थेपासून, म्हणजे अशा खडबडीतपणापासून, रक्षण करतं. म्हणजे ज्या नात्यामुळे जस्ताचा एक अणू एवढा गोंधळ घालतो, तेच नातं थोड्याफार खडबडीतपणावर पांघरूण घालतं. पाट जरा वरखाली असणं वेगळं आणि पाटच नसणं वेगळं.

अव्यवस्था खूप झाली तर काय होतं, हे थोडक्यात सांगून पुढे जातो, कारण त्यावर वेगळं व्याख्यान होईल. १९५८ मध्ये अँडरसन यांनीच दाखवलं की पुरेशा अव्यवस्थेत इलेक्ट्रॉनची लाट एका जागी कोंडली जाते. याचं बीज समजायला श्रावणातली ब्रह्मगिरीची फेरी आठवा. एकजण उजवीकडून निघाला आणि दुसरा डावीकडून, तर दोघांची वाट तीच, अंतर तेच, आणि दोघं निघाल्या जागी बरोबर एकाच वेळी परत भेटतात. इलेक्ट्रॉनची लाट दोन्ही फेऱ्या एकाच वेळी करते, आणि निघाल्या जागी दोन्ही भाग एकमेकांत भर घालतात. म्हणून परत येण्याची शक्यता वाढते आणि पुढे जाण्याची घटते. १९७९ मध्ये अब्राहम्स, अँडरसन, लिचियार्देलो आणि आपले टी. व्ही. रामकृष्णन या चौघांनी निष्कर्ष काढला की इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलत नसतील, तर पातळ थरात अव्यवस्था कितीही थोडी असली तरी ती शेवटी इलेक्ट्रॉनांना कोंडतेच. पण इलेक्ट्रॉन ढकलतात. ते ढकलतात तेव्हा काय, यावर १९९० च्या दशकात क्रावचेंको यांच्या सिलिकॉनवरच्या प्रयोगांनी मोठा वाद उभा केला. पातळ थर असून तो थंडीत धातूसारखा वागत होता. त्या वादावर अजून पूर्ण पडदा पडलेला नाही.

आता मी या डबीकडे येतो. मघापासून मुलं तिच्याकडे बघताहेत.

यात तीन स्फटिक आहेत. सिरियम एक भाग, कोबाल्ट एक भाग, इंडियम पाच भाग. वाढवायची रीत ऐकायला सोपी आहे. तिन्ही धातू एका मुशीत घालायचे, इंडियम गरजेपेक्षा बरंच जास्त. मूस काचेच्या नळीत हवा काढून बंद करायची. हजार अंशांच्या वर तापवायची आणि मग दिवसेंदिवस सावकाश थंड करायची. वितळलेल्या इंडियमच्या रसात स्फटिक खडीसाखरेसारखे वाढतात. मग नळी गरम असतानाच उलटी करून गरगर फिरवायची. उरलेलं इंडियम उडून जातं आणि चकचकीत पापुद्रे मागे राहतात. यातला सगळ्यात मोठा माझ्या करंगळीच्या नखाच्या निम्मा आहे. मोजायला घेतो तो तुकडा तिळाएवढा. त्यावर पंचवीस मायक्रॉन जाडीच्या, केसाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या, चार सोन्याच्या तारा चांदीच्या रंगाने चिकटवायच्या. बाहेरच्या दोन तारांनी प्रवाह सोडायचा, आतल्या दोन तारांवर विद्युतदाब मोजायचा. श्वास रोखूनच हे करावं लागतं, कारण उच्छ्वासाने तार हलते.

या स्फटिकात सिरियमचा प्रत्येक अणू चुंबक आहे. म्हणजे माझ्या तारेत लाखात एक असलेलं लोखंड इथे दर घराला एक, आणि ओळीने. थंडीत ते सगळे मिळून भोवतालच्या इलेक्ट्रॉनांशी जोड्या जमवू बघतात. परिणाम असा की इलेक्ट्रॉन शेकडो पटींनी जड झाल्यासारखे वागतात. एका बाजूला जोड्या जमवण्याची ओढ, दुसऱ्या बाजूला सिरियमच्या चुंबकांची आपसांत रांग लावण्याची ओढ, आणि हा पदार्थ त्या दोन्हींच्या अगदी सीमेवर. तो २.३ केल्विनला अतिसंवाहक होतो, हे २००१ मध्ये कळलं. आता इंडियमच्या जागी थोडं कॅडमियम घाला. एक टक्क्याच्या आसपासच्या प्रमाणात अतिसंवाहकता खचू लागते आणि चुंबकत्वाची रांग लागते. मोजमापं सांगतात की प्रत्येक कॅडमियम अणूभोवती चुंबकत्वाचा एक थेंब साचतो, आणि थेंब एकमेकांना टेकले की सगळा स्फटिक चुंबकी होतो. मग स्फटिकावर दाब दिला तर अतिसंवाहकता परत येते. पण थेंब पुसले गेलेले नसतात, ते आत तसेच असतात. २०१४ मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि आमच्यासारख्यांची झोप उडाली. कारण बाहेरून मोजलं तर तो पदार्थ शुद्ध स्फटिकासारखाच दिसतो.

बाहेरून मोजणं म्हणजे सरासरी घेणं, आणि या धातूंत सरासरी फसवते. आपल्याच जिल्ह्याचं बघा. इगतपुरीत तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि येवला-नांदगावकडे टँकरची वाट बघणारी गावं. जिल्ह्याची सरासरी काढली तर ती कोणत्याच गावाची नसते. युरेनियम, तांबं आणि पॅलेडियम यांच्या एका मिश्रधातूत १९९५ मध्ये हेच सापडलं. पॅलेडियम अणू कुठे बसले यावरून प्रत्येक युरेनियम अणूचा शेजार थोडासा वेगळा असतो. पण कोंडो तापमान शेजाऱ्याशी असलेल्या जवळिकीवर घातांकी रीतीने अवलंबून असतं. शेजारात उन्नीस-बीस फरक पडला की कोंडो तापमान कित्येक पटींनी बदलतं. मग कितीही थंड केलं तरी काही अणू असे उरतातच की ज्यांची जोडी अजून जमलेली नाही. तो धातू विचित्र वागतो तो या थोड्या मागे राहिलेल्यांमुळे. मिरांडा, दोब्रोसावल्येविच आणि कोटलियार यांनी याचं गणित मांडलं. धातूच्या गुणधर्मावर बोलताना आम्ही आधी सरासरी विचारायचो. आता विचारतो, सगळ्यांत मागे कोण राहिलं आणि ते किती आहेत?

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. एकही परका अणू नसलेल्या, पण इलेक्ट्रॉन एकमेकांत घट्ट गुंतलेल्या स्फटिकाचं गणित अनेक दशकं कोणाला जमत नव्हतं. १९९२ च्या सुमाराला जॉर्ज आणि कोटलियार यांनी वाट काढली: स्फटिकातला एकच अणू निवडा, तो परका आहे असं समजा, आणि उरलेला सगळा स्फटिक म्हणजे त्याच्या भोवतीचा जमाव. मग प्रश्न कोंडोंचाच होतो. आणि तो कसा सोडवायचा हे विल्सन यांनी शिकवलेलं होतं. एच. आर. कृष्णमूर्ती यांनी विल्सन आणि विल्किन्स यांच्याबरोबर १९८० मध्ये त्या पद्धतीने अशुद्धीच्या एका अणूचं जे सविस्तर गणित केलं, ते आजही विद्यार्थ्यांना वाचायला लावतात. ज्या अणूला आम्ही भेसळ म्हणून बाहेर काढत होतो, त्याच्याच गणिताने शुद्ध स्फटिकाचं कुलूप उघडलं.

वेळ झालेली आहे हे मला दिसतंय. समोरच्या काकांनी मघाशी हात वर केला होता, त्यांचा प्रश्न मी ऐकला: पितळेत तर तिसरा हिस्सा जस्त असतं, मग तिथे चुंबकत्व का उगवत नाही? काका, प्रश्न अगदी वर्मावर आहे. पितळेतले इलेक्ट्रॉन एकमेकांत गुंतलेलेच नाहीत. तिथे फुगडीच चाललेली नाही, तर एकीला उचललं म्हणून दुसरी एकटी पडणार कुठून? पितळेचा रोध शुद्ध तांब्याच्या साडेतीन पटींवर जातो, पण तेवढंच. जस्त तेच, पंगत वेगळी.

डबी आता इथे टेबलावर उघडून ठेवतो. शेजारी भिंग आहे. डावीकडचा स्फटिक शुद्ध, मधला आणि उजवीकडचा कॅडमियम घातलेला. डोळ्यांना तिन्ही सारखेच दिसतील. हात न लावता, एकेकाने या. लहान मुलांना आधी पुढे येऊ द्या.